उशिरा येणारा पैसा आणि वेळेवर मिळायला हवा तो दावा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. जेवणाची वेळ झाली म्हणून बोलताना जे गाळावं लागलं, ते इथे पुरं केलं आहे.)



मघाशी ओळख करून देताना आपला मित्र म्हणाला, "हा मुंबईत करोडोंचे व्यवहार करतो." ते खरं आहे, पण त्यातला एकही करोड माझा नाही. बँकेतला कॅशिअर दिवसभर नोटा मोजतो आणि संध्याकाळी सुट्टे पैसे शोधत लोकल पकडतो, तसं माझं काम आहे. आमच्या घरीसुद्धा मी नेमकं काय करतो हे कुणाला सांगता येत नाही. आई शेवटपर्यंत सांगायची, "तो विम्यात आहे." तेच उत्तर सगळ्यात बरोबर होतं.

संयोजकांनी मला "आपल्या क्षेत्राविषयी वीस मिनिटं" बोलायला सांगितलं. माझं क्षेत्र म्हणजे विम्यात तंत्रज्ञान आणणाऱ्या कंपन्या, ज्यांना आता इन्शुरटेक म्हणतात, आणि त्यांच्यात उशिराच्या टप्प्यावर घातलं जाणारं भांडवल. मी आधी नाही म्हणणार होतो. पण या विषयाचा धागा आपल्या वर्गापर्यंत येऊन पोचला आहे. त्याविषयी बोलायचं म्हणून उभा राहिलो.

माझी वाट थोडक्यात सांगतो. १९९५ला दहावी झाली. पाईपलाईनच्या कडेकडेनं चालत शाळेत येणाऱ्यांपैकी मी एक. पुढे कल्याणला कॉमर्स केलं. आटगावहून लोकल पकडायची, आणि ती चुकली की पहिलं लेक्चर गेलं. मग एका विमा कंपनीत क्लार्क म्हणून लागलो. नोकरी करताना तिसऱ्या प्रयत्नात सीए झालो. आपल्या गणिताच्या सरांनी एकदा वहीवर शेरा मारला होता, "उत्तर बरोबर, पायऱ्या कुठे आहेत?" सीएच्या परीक्षेत मला तो शेरा आठवायचा. गेली काही वर्षं मी एका गुंतवणूक फंडात आहे. मोठ्या झालेल्या, पण अजून शेअर बाजारात न आलेल्या कंपन्यांमध्ये हा फंड पैसे घालतो.

आता हे उशिराच्या टप्प्याचं भांडवल म्हणजे काय? इथे सगळी भातशेतीवाली माणसं आहेत, म्हणून सोपं जाईल. आपण आधी राब भाजतो, मग पेरतो, मग आवणी, मग बेणणी, आणि शेवटी कापणी होऊन भारे खळ्यावर येतात. स्टार्टअप कंपनीचंही असंच असतं. दोन-तीन पोरं एक कल्पना घेऊन बसतात, तेव्हा त्यांना जो पहिला पैसा मिळतो तो राबाचा पैसा. बहुतेकदा तो घरच्यांचा, मित्रांचा किंवा एखाद्या धाडसी माणसाचा असतो. मग सिरीज ए, सिरीज बी अशा फेऱ्या होतात. ही आवणी. रोप जगतंय का, गिऱ्हाईक परत येतंय का, हे तेव्हा कळतं. त्यानंतर सिरीज डी, ई या फेऱ्या येतात. तोवर पीक पोटरीत आलेलं असतं. कंपनीचं नाव झालेलं असतं, टीव्हीवर जाहिरात दिसते, शेकडो लोक कामाला असतात. मात्र खळ्यावर अजून एक दाणा आलेला नसतो, म्हणजे नफा झालेला नसतो. अशा वेळी शेकडो कोटी घेऊन जे येतात ते आमच्यासारखे लोक.

आमच्या पैशाला अटी असतात. आम्ही साधारण तीन ते पाच वर्षांत बाहेर पडायचं ठरवून आत शिरतो. बाहेर पडायचा नेहमीचा रस्ता म्हणजे आयपीओ, म्हणजे कंपनी शेअर बाजारात आणणं. कंपनी पडेल भावाला विकावी लागली तर आधी आमचे पैसे परत, मग बाकीच्यांचे, असंही करारात बहुधा लिहिलेलं असतं. आणि आम्हालाही कुणीतरी पैसे दिलेले असतात. परदेशातले पेन्शन फंड असतात, विद्यापीठांचे निधी असतात, मोठी घराणी असतात. त्यांना ठरलेल्या वेळी परतावा लागतो. म्हणजे पोटरीतलं पीक बघून पैसे देणारा माणूस दर आठवड्याला बांधावर येऊन विचारतो, "कापणी कधी?"

इतर धंद्यांत हे बरंचसं चालून जातं. विम्याचं गणित मात्र वेगळं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

विमा म्हणजे मुळात आपली सावड. आज माझ्या शेतावर दहा माणसं, उद्या मी तुमच्या शेतावर. संकट एकावर येतं, भार सगळे थोडाथोडा उचलतात. फरक इतकाच की सावडीत माणसं ओळखीची असतात, विम्यात नसतात. म्हणून तिथे ओळखीच्या जागी कायदा लागतो. विमा कंपनी काढायची तर आपल्या देशात किमान १०० कोटी रुपयांचं भरणा झालेलं भांडवल हवं. वर विमा नियामक, म्हणजे आयआरडीएआय, बजावतो की तुमच्याकडे गरजेच्या दीडपट पत सतत शिल्लक पाहिजे. ही गरज प्रीमियम आणि दावे यांवरून ठरते. अगदी ढोबळ सांगायचं तर वाहन, आरोग्य अशा विम्यात स्वतःकडे ठेवलेल्या प्रत्येक १०० रुपयांच्या प्रीमियममागे ३० रुपयांच्या आसपास मालकांचं भांडवल बाजूला हवं. दावे जास्त असले तर त्याहूनही जास्त.

आता फळ्यावर लिहितोय असं समजा. कंपनीनं १०० रुपये प्रीमियम जमवला. दाव्यांत ८० गेले. कमिशन, जाहिरात, पगार, ॲप यांत ३५ गेले. एकूण ११५. गुंतवणुकीवर थोडं व्याज सुटतं, तरी तूट राहते. ती तूट कुणीतरी भरायची. त्याशिवाय ते ३० बाजूला ठेवायचे. पुढच्या वर्षी धंदा दुप्पट झाला तर तूटही दुप्पट आणि बाजूला ठेवायची रक्कमही दुप्पट. चहाची टपरी चालली की गल्ल्यात पैसे येतात. विमा कंपनी जितकी वेगानं वाढते तितके जास्त पैसे आत घालावे लागतात. म्हणून विम्यातल्या स्टार्टअपला उशिराच्या टप्प्यावर इतका मोठा पैसा लागतो. बाहेरच्याला वाटतं, एवढे कोटी घेतले, उधळले असतील. काही उधळतातही. पण त्यातला मोठा भाग कायद्यानं अडकवून ठेवलेला असतो.

हा कायदा असा कडक का, त्यालाही इतिहास आहे. १८७०मध्ये मुंबईत 'बॉम्बे म्युच्युअल' ही आयुर्विमा संस्था निघाली. त्यानंतर देशात खूप विमा कंपन्या झाल्या, काही चांगल्या चालल्या, काहींनी लोकांचे पैसे बुडवले. जानेवारी १९५६मध्ये सरकारनं आयुर्विमा ताब्यात घेतला. तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. त्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचलं. विम्याचं काम मात्र आपल्या लक्षात राहिलं नाही. २४५ देशी-विदेशी कंपन्या आणि संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ला एलआयसी उभी राहिली. पुढे १९७३पासून वाहन, आग, अपघात यांचा विमाही सरकारी झाला. मी नोकरीला लागलो तेव्हा या दुसऱ्या प्रकारात चारच सरकारी कंपन्या होत्या. १९९९च्या कायद्यानं खासगी कंपन्यांना दार उघडलं. परदेशी भांडवलाची मर्यादा तेव्हा २६ टक्के होती, ती २०१५मध्ये ४९ झाली आणि २०२१मध्ये ७४. १०० टक्के करायची घोषणा २०२५च्या अर्थसंकल्पात झाली. दार जसजसं उघडत गेलं तसतसा बाहेरचा पैसा येत गेला.

त्या पैशानं काय उभं राहिलं? तुमच्या मोबाईलमधलीच नावं घ्या. पॉलिसीबझार २००८मध्ये गुरुग्राममध्ये सुरू झालं. ती विमा कंपनी नव्हे, विमा विकून देणारी कंपनी आहे. २०१८मध्ये तिच्यात जपानच्या सॉफ्टबँकेच्या फंडानं मोठी रक्कम घातली. डिजिटची नोंदणीकृत कचेरी पुण्यात शिवाजीनगरला आहे. ती कामेश गोयल यांनी उभी केली, कॅनडाच्या फेअरफॅक्सच्या पैशावर. जानेवारी २०२१मध्ये तिची किंमत १९० कोटी डॉलर धरली गेली. अको ही वरुण दुआ यांची कंपनी. ऑक्टोबर २०२१मध्ये तिनं साडेपंचवीस कोटी डॉलर उभे केले. पैसे घालणाऱ्यांत अमेरिकेच्या जनरल अटलांटिकच्या बरोबरीनं मुंबईचा मल्टिपल्स हा फंडही होता. १०० कोटी डॉलरच्या वर किंमत गेली की कंपनीला युनिकॉर्न म्हणतात. त्या वर्षी तो शब्द रोज कानावर पडायचा. टर्टलमिंट २०१५मध्ये मुंबईतच निघाली. तिनं गावोगावच्या विमा विकणाऱ्या माणसांच्या हातात ॲप दिलं.

या शेवटच्या गोष्टीचा आपल्याशी थेट संबंध आहे. आयआरडीएआयनं २०१५मध्ये एक सोय केली. दहावी पास माणूस पंधरा तासांचं प्रशिक्षण घेऊन आणि परीक्षा देऊन साधे विमे विकू शकतो. शहापूर, मुरबाड, खर्डी, वाशिंदला झेरॉक्सच्या दुकानात, आरटीओच्या कामाच्या टपरीवर, मोटारसायकलच्या गॅरेजात जो पोरगा पाच मिनिटांत गाडीचा विमा काढून देतो, तो बहुतेक यातला. पूर्वी त्याच कामासाठी कल्याणला जावं लागायचं. तेव्हा या पैशानं काहीच भलं केलं नाही असं मी म्हणणार नाही. विकण्याची सोय गावापर्यंत आली, ती याच पैशानं.

मग २०२२ उजाडलं. अमेरिकेत व्याजाचा दर मार्चपर्यंत शून्याच्या आसपास होता, तो पुढच्या वर्षी पाच टक्क्यांच्या वर गेला. घरबसल्या बिनधोक पाच टक्के मिळत असतील तर पोटरीतल्या पिकावर कोण पैसे लावणार? आधीच तिकडची उदाहरणं डोळ्यांसमोर होती. न्यू यॉर्कची लेमोनेड ही विमा कंपनी जुलै २०२०मध्ये २९ डॉलरच्या भावानं बाजारात आली, काही महिन्यांत दीडशेच्या पुढे गेली आणि २०२२मध्ये वीसच्या आसपास आली. आपल्याकडे पॉलिसीबझारचा शेअर नोव्हेंबर २०२१मध्ये ९८० रुपयांना दिला गेला, पहिल्या दिवशी ११५०ला उघडला आणि वर्षभरात ४००च्या खाली गेला. पुढे ती कंपनी सावरली, २०२३-२४ला तिनं पहिल्यांदा पूर्ण वर्षाचा नफा दाखवला. डिजिट मे २०२४मध्ये २७२ रुपयांना बाजारात आली. त्या विक्रीतून सुमारे २,६१५ कोटी उभे राहिले. त्यातले १,१२५ कोटी कंपनीच्या भांडवलात गेले, बाकीचे आधीच्या मालकांच्या हातात. बातमीत मोठा आकडा येतो. विमा घेणाऱ्याच्या पाठीशी त्यातला कोणता भाग उभा राहिला, हे वेगळं पाहावं लागतं.

इथवरची माहिती तुम्हाला कुठेही मिळाली असती. पुढचं मात्र मलाच सांगायला हवं.

२०२२च्या पडझडीनंतर आमच्यासारख्या सगळ्या फंडांनी आपापल्या कंपन्यांना एकच निरोप दिला, खर्च कमी करा, नाहीतर आयपीओ विसरा. आमच्या फंडाचा पैसा एका विमा कंपनीत होता. नाव सांगत नाही, मघाशी घेतलेल्या नावांपैकी ती नव्हे. तिच्या बैठकांना फंडाचा माणूस म्हणून मी बसायचो. प्रीमियमच्या ३५ टक्के होणारा खर्च ३० वर आणायचा होता. कुठे काय कापता येईल याचा तक्ता मी केला. त्यात दोन ओळी होत्या. रात्रीची आणि सुट्टीच्या दिवसाची फोनसेवा फक्त हिंदी-इंग्रजीत ठेवायची. आणि तालुक्यांतून फिरून दाव्याची कागदपत्रं गोळा करणारी माणसं कमी करायची, कारण आता सगळं ॲपवर होतं. बैठकीत कुणी विरोध केला नाही. पाच मिनिटांत मंजूर झालं. मला वाटतं त्या दिवशी माझं कौतुकही झालं.

आता आपल्या वर्गाकडे येतो. आपला एक मित्र, तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायचा, आज आपल्यात नाही. नाव घेत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. वहिनी आज इथे आल्या आहेत. त्यांना विचारून, त्यांची परवानगी घेऊनच मी बोलतोय. २०२३च्या पावसाळ्यात कामावरून परतताना नाशिक हायवेवर त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा घरी जाऊन आले. मी गेलो नाही. ग्रुपवर दोन हात जोडलेले टाकले आणि कामाला लागलो.

गाडीचा विमा होता. तो त्यानं शहापुरातल्या एका पोराकडून काढला होता. पॉलिसी मोबाईलमध्ये. मोबाईल अपघातात फुटला, रिचार्ज न केल्यानं सिम बंद पडलं. वहिनींना वाटलं, गाडीचा विमा म्हणजे गाडीचे पैसे. गाडी तर भंगारात गेली होती, आता कशाला धावपळ करायची. आठ महिन्यांनी तो पोरगा नूतनीकरणासाठी घरी आला. त्याला मृत्यूची बातमी नव्हती. त्यानं पॉलिसी उघडून बघितली आणि म्हणाला, "काकी, यात दादांचा पंधरा लाखांचा अपघात विमा आहे."

हे इथे बसलेल्या किती जणांना माहीत आहे? हात वर करा. बघा, चार हात. २०१८पासून मोटारसायकल असो की कार, मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा लागतो. दुसऱ्या एखाद्या पॉलिसीत तेवढा अपघात विमा आधीच असेल तरच त्यातून सूट मिळते. अट एवढीच की गाडी चालवणाऱ्याच्या नावावर असावी आणि त्याच्याकडे चालू लायसन्स असावं. तुमच्या पॉलिसीच्या कागदावर ती एक ओळ असते. आपण ती ओळ वाचत नाही, 'पोलिसांना दाखवायला कागद' एवढंच आपल्यासाठी विम्याचं मोल असतं.

वहिनींनी ॲपवर दावा टाकायचा प्रयत्न केला. ओटीपी गेला त्याच्या बंद नंबरवर. फोन लावला तर तो रविवार होता, पलीकडची मुलगी हिंदीत भराभर बोलत होती आणि वहिनी तिला पंचनामा म्हणजे काय ते समजावत होत्या. शेवटी त्या पोरानं कशीबशी कागदपत्रं पाठवली. पंधरा दिवसांनी ईमेल आला, घटनेची सूचना मुदतीत न दिल्यामुळे दावा नामंजूर.

मग वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "आपल्यापैकी कोणी विम्यात आहे का?" खाली त्या ईमेलचा फोटो होता. मी तो मोठा करून बघितला. वर कंपनीचं नाव होतं. तीच कंपनी.

मी दोन दिवस काही लिहिलं नाही. खोटं कशाला बोलू? पहिला विचार आला तो हाच, की यात आपण पडलो तर फंडात प्रश्न विचारले जातील. दुसरा विचार आला तो त्या तक्त्यातल्या दोन ओळींचा. तिसऱ्या दिवशी सकाळी लोकल पकडली आणि इकडे आलो. तानसा नुकताच भरून वाहायला लागला होता, मुंबईच्या सगळ्या पेपरांत ती बातमी होती. १८९२ला बांधलेलं हे धरण, पाणी गेली सव्वाशे-दीडशे वर्षं मुंबईला जातंय, आणि उन्हाळ्यात आपल्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात. लहानपणी पाईपलाईनवर बसून आपण यावर तावातावानं बोलायचो. त्या दिवशी रिक्षातून येताना वाटलं, मीही तेच केलं की. इथून हप्ते गोळा करायचे नळ टाकले, आणि इथे द्यायची वेळ आली तेव्हा माणूस काढून घेतला.

एक फोन करून मी ते काम करून घेऊ शकलो असतो. पण मग ते माझ्या ओळखीचं काम झालं असतं, वहिनींचा हक्क नव्हे. आणि फंडाच्या नियमातही ते बसत नव्हतं. मी आधी फंडाला लेखी कळवलं की हे प्रकरण माझ्या ओळखीचं आहे आणि कंपनीचा निर्णय चुकीचा आहे. मग वहिनींसोबत बसून अर्ज लिहिला. आयआरडीएआयचं २० सप्टेंबर २०११चं परिपत्रक आहे. दावा खरा असेल आणि उशिराला सबळ कारण असेल तर निव्वळ उशीर झाला म्हणून तो नाकारू नये, असं त्यात कंपन्यांना बजावलं आहे. त्याचा आधार दिला. सोबत एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, गाडीचं आरसी, लायसन्स, वारस म्हणून वहिनींचं आधार आणि बँकेचं पासबुक जोडलं. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवलं. तिथे नाही झालं तर विमा लोकपालाकडे जायची तयारी होती. लोकपालाकडे फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीनं नाकारल्यापासून एका वर्षात जाता येतं. तिथवर जावं लागलं नाही. महिनाभरात पैसे वहिनींच्या खात्यात आले. थोरली आता नर्सिंगला आहे.

पुढच्या बैठकीत मी एकच मागणी केली. फक्त उशीर या कारणानं नाकारलेल्या दाव्यांची यादी ठेवा. यादी आली. ती छोटी नव्हती. बरेचसे दावे पुन्हा उघडले गेले, सगळे नाही. मराठी फोनसेवा रविवारीही सुरू झाली. काढलेली माणसं मात्र परत आली नाहीत. खर्चाचं गुणोत्तर बिघडतं, असं उत्तर मिळालं, आणि ते उत्तर माझ्याच जुन्या तक्त्यातून वाचून दाखवलं गेलं.

यातून मी काय शिकलो? उशिराच्या टप्प्याचा पैसा वाईट असतो असं नाही. त्या पैशाशिवाय वहिनींचे पंधरा लाख द्यायला कंपनीकडे पतही नसती. पण त्या पैशाला घाई असते, आणि घाईत जी गोष्ट आधी कापली जाते ती म्हणजे दावा देण्याचा खर्च. हप्ते किती वाढले हे कळायला एक दिवस लागतो. दावे नीट दिले गेले का, हे कळायला वर्षं जातात. आता कुठल्याही कंपनीत पैसे घालायच्या आधी मी तिच्या दाव्याच्या खात्यात एक दिवस बसतो आणि नाकारलेल्या वीस फायली वाचतो. पायऱ्या बघतो. सर, तुमचा शेरा उशिरा कळला.

आता तुमच्यासाठी तीन कामाच्या गोष्टी सांगतो आणि थांबतो.

पहिली. दोन सरकारी योजना बँकेच्या खात्यातून आपोआप चालू असतात आणि घरच्यांना माहीत नसतात. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा, प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. आज घरी गेल्यावर पासबुकात या दोन रकमा कापल्या जातात का ते बघा. जातात तर बायकोला, नवऱ्याला, मुलांना सांगा. कोणी शेतकरी अपघातानं गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची राज्याची योजना आहे, दोन लाखांपर्यंत मदत मिळते, सर्पदंशही त्यात धरतात. आपल्याकडे भातकापणीत साप किती निघतात ते मी सांगायला नको.

दुसरी. वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते तपासा. आपल्या वयाच्या बऱ्याच जणांच्या जुन्या पॉलिसीवर अजून आईचं नाव आहे.

तिसरी. प्रत्येकानं एक साधी दोनशे पानी वही करावी. पहिल्या पानावर पॉलिसीचा नंबर, कंपनी, रक्कम, कुणाकडून काढली त्याचा फोन, आणि मोबाईलचा नंबर चालू ठेवायची आठवण. ॲप असू द्या, पण वही कपाटात असू द्या.

आणि एक विनंती आपल्या मंडळाला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी आणि आपल्या बॅचचे आणखी दोघं शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसू. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. कुणाचा दावा अडला असेल, पत्र समजत नसेल, तर कागद घेऊन यावं. आम्ही विमा विकणार नाही, फक्त वाचून सांगू आणि अर्ज लिहू. वहिनींनी स्वतःहून सांगितलं की त्याही येतील, कारण कुठला कागद कुठल्या कचेरीत अडतो हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मित्राच्या घरी मी जायला हवं होतं तेव्हा गेलो नाही. वहिनी, त्याबद्दल सगळ्यांसमोर माफी मागतो.

जेवण तयार आहे असं बाई खुणावतायत. पूर्वी बाईंच्या खुणेला आपण घाबरायचो, आजही टाळायची हिंमत नाही.